स्ट्रीपबाईंचा उच्चार चुकला नव्हता

सिडनीत अभिनय शिकणाऱ्या नाशिकच्या एका मुलाने मला विचारलं आहे: 'ताई, मेरिल स्ट्रीपलासुद्धा ऑस्ट्रेलियन उच्चार जमला नाही, असं वर्गात सगळे म्हणतात. देव पटेलचा मात्र पटतो. परदेशी नटांना हा उच्चार इतका जड का जातो? आणि मला एका मराठी मुलाच्या भूमिकेसाठी टेप पाठवायची आहे. तो नवव्या वर्षी मेलबर्नला आलेला आहे. मी कोणता उच्चार धरू?'

आधी तुझ्या प्रश्नातलं पहिलं वाक्य खोडते. स्ट्रीपला तो उच्चार जमला होता. अठरा वर्षं मी मेलबर्नमध्ये नटांकडून उच्चार करून घेते आहे, आणि 'ईव्हिल एंजल्स' हा तिचा चित्रपट वर्षातून एकदा तरी हेडफोन लावून, पडद्याकडे न बघता ऐकते. तूही तसाच ऐक. पण ऐकण्याआधी ती भूमिका कुणाची होती ते नीट समजून घे.

१७ ऑगस्ट १९८० च्या रात्री मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी एका तंबूतून अझारिया चेंबरलेन ही दोन महिन्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, तिला नेलं असं तिची आई लिंडी सांगत राहिली. लोकांनी विश्वास ठेवला नाही. १९८२ मध्ये लिंडीला खुनासाठी जन्मठेप झाली, १९८६ मध्ये ती सुटली आणि सप्टेंबर १९८८ मध्ये निर्दोष ठरली. हीच गोष्ट सांगणारा दिग्दर्शक फ्रेड शेपिसीचा 'ईव्हिल एंजल्स', स्ट्रीप लिंडीच्या भूमिकेत, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. डिंगोनेच मूल नेलं, हे मृत्यूच्या अधिकृत चौकशीत नोंदलं जायला २०१२ उजाडलं.

आता तिची बोली बघ. लिंडीचा जन्म न्यूझीलंडमधल्या फाकाटाने गावचा. ती दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंब ऑस्ट्रेलियात आलं. वडील पाद्री, त्यामुळे लहानपण व्हिक्टोरियातल्या लहान लहान गावांत गेलं. नवरा मायकेल, तोही पाद्री आणि तोही न्यूझीलंडचा. घटना घडली तेव्हा त्यांचं बिऱ्हाड क्वीन्सलंडमधल्या माउंट आयझा या खाणींच्या गावात होतं. या बाईचा उच्चार कुठला म्हणशील? सातारची माहेरवाशीण, नवरा बेळगावचा आणि संसार भिलाईला, अशा एखाद्या मावशीची मराठी जशी कुठल्याच एका गावाची नसते, तसंच ते होतं. स्ट्रीप लिंडीला प्रत्यक्ष भेटली होती. तिने जो उच्चार उचलला त्यात ऑस्ट्रेलियाच्या खाली न्यूझीलंडचा एक पातळ थर आहे, काही शब्दांत ऱ्हस्व 'इ' किंचित मागे सरकते. सिडनीच्या प्रेक्षकाच्या कानाला ते खटकलं आणि त्याने ठरवलं, परकी बाई चुकली. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तर सगळंच विचित्र वाटलं. 'डिंगोने माझं बाळ नेलं' ही आईने अंधारात मारलेली एक हाक विनोदी मालिकांमधून इतक्या वेळा, इतक्या वेड्यावाकड्या पद्धतीने उच्चारली गेली की मूळ दृश्यात एक मूल मेलेलं आहे हेच लोक विसरले. मला त्याचा आजही राग येतो.

आणखी एक गोष्ट उच्चाराच्या पलीकडची आहे, पण आमच्या कामात ती वेगळी काढता येत नाही. लिंडी टीव्हीवर रडली नाही. तिचा आवाज सपाट, जबडा घट्ट, उत्तरं तुटक. 'ही आई असूच शकत नाही' असं देशाने ठरवलं ते बऱ्याच अंशी त्या आवाजावरून. स्ट्रीपने तो आवाज गोड करून दिला नाही, म्हणूनच मी तिला मानते. कान्सला १९८९ चं उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक तिला मिळालं, आणि ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटनेही तिलाच दिलं. म्हणजे इथल्या जाणत्यांनी तेव्हाच दाद दिली होती. टिंगल मात्र टिकली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: ऑस्ट्रेलियन उच्चार करायला जो बसतो तो पडतो, आणि एका माणसाचा उच्चार करायला जो बसतो तो तरतो.

हे आपल्याला नवीन नाही. पुण्या-मुंबईचा नट गावाकडची भूमिका मिळाली की काय करतो ते आठव. 'काय रं'मध्ये कोल्हापूर, 'काय बे'मध्ये नागपूर, मध्येच एखादं मालवणी हेल, आणि सगळ्यावर 'लई' ची फोडणी. त्या भाषेचा पत्ता महाराष्ट्राच्या नकाशावर सापडत नाही. ती 'गावरान' नावाच्या एका काल्पनिक गावात बोलली जाते. परदेशी नटांचं ऑस्ट्रेलियन बहुतेक वेळा याच गावचं असतं. जगाने ऑस्ट्रेलिया ऐकला तो 'क्रोकोडाइल डंडी'तल्या पॉल होगनकडून, पुढे टीव्हीवर मगरी पकडणाऱ्या स्टीव्ह अर्विनकडून. दोघांचाही उच्चार अगदी ठसठशीत. पण १९६५ साली मिचेल आणि डेलब्रिज या अभ्यासकांनी हजारो शाळकरी मुलांच्या रेकॉर्डिंगवरून ब्रॉड म्हणजे ठसठशीत, जनरल म्हणजे मधला आणि कल्टिव्हेटेड म्हणजे इंग्लंडच्या वळणाचा, असे उच्चाराचे तीन पट्टे मांडले, तेव्हाही निम्म्याहून अधिक मुलं मधल्या, म्हणजे जनरल पट्ट्यात होती. आज कल्टिव्हेटेड जवळजवळ ओसरलं आहे आणि शहरांत ब्रॉडही कमी ऐकू येतं. तरी बाहेरून येणारा नट होगनच घेऊन उतरतो. त्यात इथल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक परदेशात जन्मलेले, त्यामुळे मेलबर्नच्या ट्राममध्ये दहा मिनिटं बसलास की ग्रीक, लेबनीज, व्हिएतनामी घरांतून वाढलेली ऑस्ट्रेलियन इंग्रजी ऐकू येते. आदिवासी समाजांची इंग्रजी तर पूर्ण वेगळा विषय आहे, त्यावर त्या समाजातल्या माणसांनीच बोलावं.

आता तोंडातली गोष्ट. देवनागरी इथे फार कामाची आहे, कारण आपल्याकडे स्वर उघडे लिहिता येतात.

'डे' हा शब्द घे. परदेशी नटाने ऐकलेलं असतं की ऑस्ट्रेलियन माणूस 'डे'चा 'डाय' करतो. म्हणून तो 'डाय' म्हणतो, आणि तिथेच लंडनच्या ईस्ट एंडला पोचतो. खरा उच्चार 'डॅइ' आहे. तो चंद्र, जो आपण 'बॅट' आणि 'कॅच' लिहिताना देतो, तोच तिथे आहे. 'मेट' म्हणजे 'मॅइट'. अमेरिकन आणि इंग्रज नटांना मी हे आठवडाभर समजावते. मराठी मुलाला कागदावर लिहून दिलं की दुपारपर्यंत येतं. तसंच 'कार' आणि 'पार्क'. अमेरिकन नट तिथे 'र' सोडत नाही, आणि सोडलाच तर स्वर घशात मागे नेतो. ऑस्ट्रेलियन 'काऽ' हा आपल्या 'काका'मधला 'का' आहे, मोकळा, मधोमध. तुझ्या आजीनेच तो तुला शिकवला आहे.

जड जातो तो 'नो'. अमेरिकन तिथे 'ओ'वरून 'उ'कडे जातो. ऑस्ट्रेलियन 'अ'च्या आसपास सुरू करतो, 'ओ'ला शिवतो आणि घसरत जवळजवळ 'इ'च्या दारात जाऊन थांबतो, ओठांचा चंबू न करता. अमेरिकन कानाला त्याच्या शेवटी 'र' असल्याचा भास होतो, मग तो नट खरंच 'र' लावतो. झालं, इथल्या थिएटरात हशा पिकतो.

काही वर्षांपूर्वी एक अमेरिकन अभिनेत्री माझ्याकडे आली होती. भूमिका व्हिक्टोरियातल्या बॅलरॅट गावच्या नर्सची. पहिल्या दिवशी ती 'गुड डे मॅइट' पाठ करूनच आली. मी संहिता बाजूला ठेवायला लावली आणि बॅलरॅटमध्येच आयुष्य काढलेल्या एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी तिला घेऊन गेले. बाईंच्या परवानगीने दोन तास रेकॉर्ड केलं. चहा, बिस्किटं, गुडघ्याचं ऑपरेशन, जावई. परतताना गाडीत अभिनेत्री एकदम म्हणाली की या बाई रागावल्या की 'नो' तोडून टाकतात, एका ठोक्यात. लांबवतात ते फक्त माया आली की. मी स्वतः ते ऐकलं नव्हतं! पुढे सगळ्या चित्रपटभर तिने लांब 'नो' तीनदाच वापरला, तिन्ही वेळा एका मरणासन्न म्हाताऱ्याशी बोलताना. उच्चार असा कामाला लागला पाहिजे.

त्याच चित्रपटाच्या डबिंगला परदेशी वितरकाकडून सूचना आली की सात वाक्यं 'जरा सोपी' करा, आमच्या प्रेक्षकांना कळणार नाहीत. त्यातलं एक वाक्य त्या 'नो'चं होतं. आम्ही सहा केली, ते एक नाही केलं.

ही खोड जुनी आहे. १९७९ चा 'मॅड मॅक्स' अमेरिकेत दाखवला तेव्हा वितरकांनी जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रेलियन आवाजांवर अमेरिकन आवाज चढवले. मेल गिब्सनचाही आवाज बदलला, आणि तो तर न्यूयॉर्क राज्यात जन्मून बाराव्या वर्षी ऑस्ट्रेलियात आलेला. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मूळ आवाज पोचायला २००० साल उजाडलं. तू विचारतोस की परदेशी नटांना हे जड का जातं. कानावर पडलेलंच नसेल तर जिभेवर कुठून येणार? इथली मुलं अमेरिकन मालिका बघत मोठी होतात, म्हणून इथले नट अमेरिकन भूमिका इतक्या बिनचूक करतात. उलट दिशेने काही वाहत नाही. जे थोडं वाहू लागलं होतं त्यावरही डबिंगचं झाकण बसलं. बुद्धी किंवा मेहनत कमी पडते असं मला कधी दिसलेलं नाही.

मग परदेशी नट घेतातच का, हा तुझ्या वर्गातला दुसरा प्रश्न असणार. पैसा, आणि दुसरं काही नाही. पन्नाशीच्या दशकात इथे चित्रपट बनवायला येत ते लंडन नाहीतर हॉलिवूडचे लोक, आणि नट सोबत घेऊन येत. 'ऑन द बीच' या १९५९ च्या चित्रपटात जगाचा शेवट मेलबर्नमध्ये होतो. ग्रेगरी पेक अमेरिकन पाणबुडीचा कप्तान असल्याने त्याची सुटका झाली, पण मेलबर्नची माणसं म्हणून समोर आहेत अँथनी पर्किन्स आणि एव्हा गार्डनर. पर्किन्सचा उच्चार एका वाक्यात दोनदा देश बदलतो. त्याच वर्षी रे लॉलरच्या 'समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल' या नाटकावर चित्रपट आला. रंगभूमीवर ऑस्ट्रेलियन माणसाने ऑस्ट्रेलियन भाषेत बोलावं, हा या नाटकाने पाडलेला पायंडा. त्यातला ऊसतोड्या चित्रपटात कुणी केला, तर अर्नेस्ट बोर्गनाइनने. चांगला नट, पण ऊस क्वीन्सलंडचा वाटत नाही. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराच्या तोंडी लखनौची हिंदी घालावी, तसं होतं ते.

आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट मिचम. 'द संडाउनर्स'मध्ये तो मेंढ्या हाकत गावोगाव फिरणारा पॅडी कारमोडी करतो. कुणालाही उच्चार ऐकायचा असेल तर मी आजही हाच दाखवते. मिचमचा कान तीक्ष्ण होता हे खरंच, पण मला वाटतं त्याला मदत झाली ती त्याच्या आळशी जबड्याची. तो मुळातच तोंड कमी उघडायचा, ओठ जवळजवळ हलवत नसे, वाक्य संपायच्या आत त्यातला रस सोडून द्यायचा. ऑस्ट्रेलियन बोलण्याची बैठकच तशी आहे. लोक सांगतात की माश्या तोंडात जाऊ नयेत म्हणून इथली माणसं ओठ मिटून बोलायला लागली. तू यावर विश्वास ठेवू नकोस. १७८८ नंतरच्या वसाहतीत लंडन, आयर्लंड आणि इंग्लंडच्या नाना भागांतून आलेल्या आईबापांची मुलं एकत्र खेळली, आणि त्यांच्या खेळण्यातून ही बोली घडली. शिकवताना याचा उपयोग असा की मी स्वरांच्या आधी बैठक देते: जबडा थोडा मिटलेला, ओठ किंचित ताणलेले, जीभ पुढे. बैठक बसली की निम्मे स्वर आपोआप जागेवर येतात. बैठक नसेल तर तीस शब्द सुधारून एकतिसावा फसतो.

ऐंशीच्या आसपास दुसरी युक्ती निघाली. परदेशी नट घ्यायचा आणि पात्रच परदेशी करून टाकायचं. 'रोडगेम्स'मध्ये स्टेसी कीच आणि जेमी ली कर्टिस नलरबॉरचं ओसाड माळरान ओलांडणारे अमेरिकन आहेत. 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर'मध्ये कर्क डग्लस पशुपालक जमीनदार आहे, आणि बोलतो अमेरिकन. इथल्या नटसंघटनेने परदेशी नटांच्या आयातीविरुद्ध तेव्हा जोरदार आवाज उठवला. मला तो लढा योग्यच वाटतो. आपल्या देशाची गोष्ट आपल्या तोंडून सांगायची संधी नटाला मिळालीच पाहिजे. परदेशी नट चांगला उच्चार करतो म्हणून तो प्रश्न सुटत नाही.

ऐतिहासिक भूमिकांची गत वेगळी. नेड केली हा इथला गाजलेला दरोडेखोर १८८० मध्ये फासावर गेला. त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही. १९७० च्या चित्रपटात मिक जॅगर केली झाला तेव्हा गदारोळ झाला, २००३ मध्ये पर्थचा हीथ लेजर आयरिश वळणाने बोलला, २०१९ मध्ये लंडनचा जॉर्ज मॅके आला. केली व्हिक्टोरियात जन्मलेला, बाप टिपरेरीहून काळ्या पाण्यावर आलेला कैदी. आयरिश किती आणि नवं किती, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण त्याने जो बर्न या आपल्या साथीदाराकडून लिहवून घेतलेलं १८७९ चं जेरिल्डेरी पत्र आहे, सुमारे ८,००० शब्दांचं. विरामचिन्हं जवळपास नाहीत, शिव्या आणि तक्रारी एका दमात. मला ही भूमिका शिकवायची वेळ आली तर मी स्वरांपासून सुरुवात करणार नाही. ते पत्र मोठ्याने वाचायला लावीन, श्वास संपेपर्यंत.

आता देव पटेल. 'लायन'मधला सरू हा खंडव्याचा मुलगा पाच वर्षांचा असताना आगगाडीत हरवतो, कोलकात्याला पोचतो, १९८७ मध्ये टास्मानियातल्या होबार्टला दत्तक जातो. लहानपणीचा सरू मुंबईच्या सनी पवारने केला, मोठेपणीचा पटेलने. पटेल लंडनच्या हॅरोचा, गुजराती घरातला. त्याने या भूमिकेची तयारी आठ महिने केली. त्याच्यापुढे दोन खड्डे होते. एक त्याचं स्वतःचं लंडन, जिथे 'वॉटर'मधला 'ट' घशात गिळला जातो. ऑस्ट्रेलियन तोच 'ट' जिभेच्या टोकाने हलका उडवून 'ड'कडे नेतो. दुसरा खड्डा प्रेक्षकाच्या मनात: सावळा चेहरा दिसला की कान भारतीय इंग्रजीची वाट बघतो. पटेलने ती वाट मोडली, आणि मोडणं गरजेचं होतं, कारण सरूची हिंदी पुसली गेली आहे. त्याच्या तोंडचं सरळ, मऊ, जनरल ऑस्ट्रेलियन म्हणजेच त्याने काय गमावलं त्याचा हिशेब आहे. शेवटी तो आईसमोर उभा राहतो आणि दोघांत भाषा उरलेली नसते. तिथे उच्चार जरा जरी डळमळला असता तर ते दृश्य उभं राहिलं नसतं.

केट विन्स्लेटबद्दल थोडंच. 'होली स्मोक'मध्ये ती सिडनीच्या उपनगरातली मुलगी आहे, 'द ड्रेसमेकर'मध्ये युरोपात शिवणकला शिकून आपल्या धुळकट गावी परतलेली. दोन्ही उच्चार वेगळे आहेत. दुसऱ्यात गावाचा उच्चार घासून गेलेला आहे, आणि जूडी डेव्हिसने केलेल्या आईच्या शेजारी तो फरक स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही चित्रपट लागोपाठ ऐक.

तर तुझी टेप. 'ऑस्ट्रेलियन की भारतीय' असा प्रश्न विचारू नकोस. नवव्या वर्षी आलेल्या मुलाचे स्वर साधारण वर्षा-दोन वर्षांत मैदानावर बदलतात, कारण शाळेत कुणीतरी त्याला हसलेलं असतं. मीही कोल्हापूरहून पुण्याला नाटकात आले तेव्हा माझ्या 'पानी'ला एक दिग्दर्शक सगळ्यांसमोर हसले होते, आणि आठवडाभरात माझा 'ण' टणक झाला. तुझ्या पात्राला असा एक दिवस दे. कुठला शब्द, कोण हसलं, हे तुझ्या मनाशी ठरव. शहरही नक्की कर. मेलबर्नकर स्वतःच्या शहराला 'मेल्बन' म्हणतो, 'मेलबोर्न' कधीच नाही. व्हिक्टोरियातलं एक गाव 'कॅसलमेन' आहे, सिडनीच्या उत्तरेचं शहर 'न्यूकासल'. तू सिडनीत राहतोस, तेव्हा तुझ्या कानात 'कासल' बसलेलं असणार. मेलबर्नच्या पश्चिम भागात एखादा शनिवार घालव, पोरं जाळीत क्रिकेटचा सराव करत असतील तिथे उभा राहा आणि ऐक. नक्कल करू नकोस, आधी नुसतं ऐक.

तू पाठवलेल्या पानांत तो ड्युटीवरून आईला फोन करतो आणि इंग्रजीतून मध्येच मराठीत येतो. बहुतेक नट तिथे दोन्ही भाषा एकाच तोंडाने बोलतात. तसं होत नाही. 'आई' म्हणताना जबडा खाली येतो, ओठ सैल पडतात, आणि पुढची दोन-तीन इंग्रजी वाक्यं त्या सैल तोंडातूनच येतात, स्वर थोडे मागे राहतात. मग गाडीवरचा जोडीदार काहीतरी विचारतो आणि तोंड परत आवळलं जातं. ती दोन-तीन वाक्यं साफ करू नकोस. टेप पाठवायच्या आधी तेवढाच तुकडा मला ऐकव.